ओडिलॉनकाकांचा सहा पानी अर्ज

मित्रांनो, सहा पानांचा एक जुना अर्ज आहे मी. लुइझियानातल्या फेडरल कोर्टाच्या तळघरात, एका खोक्यात माझा मुक्काम असतो. ते खोकं वर्षवर्ष कुणी उघडत नाही.

माझा जन्म बंदिवासातला, परदेशातून आलेल्यांना डांबून ठेवतात त्या केंद्रातला. हैतीचे ओडिलॉनकाका तिथे चौदा महिने अडकले होते. गुन्हा काही नव्हता. सरकारने त्यांना मायदेशी परत पाठवायचं ठरवलं होतं. पण विमानही निघेना आणि दारही उघडेना. तिथे टोकदार पेन देत नाहीत. बोटांत वाकणाऱ्या मऊ पेनाने काकांनी मला लिहिलं. शेजारच्या खाटेवरचा केस्नर मजकूर सांगत होता.

"काका, अक्षरं आहेत की मुंग्या?"

"पन्नाशीत शिकलो रे. चालतायत ना? चालू दे."

माझं मागणं एकच होतं : या माणसाला कोर्टापुढे आणा आणि का डांबलंय ते सांगा. 'मुलगी मिरलांद वाट पाहते आहे,' हे काकांनी स्वतःहून जोडलं.

कोर्टात माझ्यावर शिक्का बसला. कारकून थिबोडोबाई म्हणाल्या, "किती जपून लिहिलंय!" माझं कौतुक झालं ते एवढंच. मग कपाट.

एके दिवशी काकांना धाडलेलं कोर्टाचं पत्र परत आलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'येथे नाही.'

"हलवलं वाटतं कुठेतरी," बाई म्हणाल्या. "तीस दिवसांत नवा पत्ता आला नाही, तर प्रकरण बंद. नियमच आहे."

ती ताकीदही जुन्याच पत्त्यावर गेली.

ज्याला समोर आणा म्हणून मी आलो, तोच सापडत नव्हता. परतलेलं पाकीट माझ्याच अंगावर टाचलेलं होतं. मी दिवस मोजत राहिलो.

एकोणतिसाव्या दिवशी ओळखीच्या मुंग्या आल्या : "जजसाहेब, मला टेक्सासला हलवलं. सरकारनेच हलवलं, म्हणून वाटलं, कोर्टाला ठाऊक असेलच. जुन्या जागी टपाल वाटताना माझं नाव पुकारलं, ते केस्नरने ऐकलं. त्याने मिरलांदला फोन करून विचारलं, काका कुठे आहेत? तिने मला सांगितलं, म्हणून कोर्टाचं पत्र आल्याचं कळलं. साहेब, मी इथे आहे." खाली नवा पत्ता होता, दोनदा लिहिलेला.

सात आठवड्यांनी माझ्यावर हुकूम टाचला गेला : सोडा. काका घरी गेले. मला भेटायला ते कधी आले नाहीत. अर्जाला कोण भेटतं?

पण मित्रांनो, कुणाचं नाव पुकारल्यावर 'येथे नाही' असं उत्तर आलं, तर पाकीट परत धाडून मोकळे होऊ नका. 'मग कुठे आहे?' एवढं विचारा. केस्नरने विचारलं होतं.