देवाशी कट्टी

"मी नाहीये म्हणून सांग," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि सामानाच्या खोलीत शिरून दूध पाजायच्या नळ्यांची पाकिटं उगाचच नीट लावायला लागल्या.

धाकटी नर्स दारातून हलली नाही. "ती काचेतून तुम्हाला बघूनच विचारतेय. काय सांगू, तुमची जुळी बहीण आहे?"

"मीटिंगमध्ये आहेत म्हण."

"कुणाबरोबर? नळ्यांबरोबर?"

एरवी सिस्टरांनी तिला या बोलण्यावर चांगलं धारेवर धरलं असतं. आज त्यांनी फक्त मान खाली घातली. दाराशी आलेली बाई टिकलीची आई होती, आणि तिच्यासमोर उभं राहायची वेळ येऊ नये, असं सिस्टरांना गेले पाच आठवडे वाटत होतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या या कक्षात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. आईबाप घाबरून नाव ठेवायचे नाहीत, म्हणून सिस्टरच प्रत्येक बाळाला एक नाव देत. नऊशे ग्रॅमचा एक मुठी आवळून पडायचा, तो पैलवान. टिकली सातशे चाळीस ग्रॅमची होती. तिच्यासाठी सिस्टरांनी मीठ सोडलं होतं, एकभुक्त राहिल्या होत्या, आणि पहाटे पाचला गुडघे टेकून प्रभूकडे तिचं आयुष्य मागत होत्या. इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी टिकलीच्या आईला भिंतीशी उभं राहून रडताना बघून त्या म्हणाल्या होत्या, "रडू नकोस. मी उपास धरलाय. तुझी पोर घरी जाणार, मी सांगते तुला."

एकोणिसाव्या दिवशी भरदुपारी टिकली गेली.

त्या संध्याकाळी सिस्टरांनी ताटात दोनदा मीठ वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाचचा गजर झाला तेव्हा कूस बदलून त्या पडून राहिल्या.

"बरं नाही का गं?" नवऱ्याने विचारलं.

"बरी आहे. मी बोलत नाही त्याच्याशी."

"कोणाशी?"

त्यांनी छताकडे बोट दाखवलं.

"वरच्या मजल्यावरच्यांनी आता काय केलं?"

"त्याच्याही वर."

नवरा उठून बसला. "म्हणजे कट्टी?"

"हो, कट्टी."

"सत्तावन्नाव्या वर्षी?"

महिलांच्या प्रार्थनासभेलाही येणार नाही म्हणून त्यांनी कळवलं, तेव्हा चर्चचे पाळक स्वतः घरी आले. समजूत घालायला आले असतील म्हणून सिस्टर तयारीनिशी बसल्या होत्या. पाळकांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि म्हणाले, "बाई, तुमच्या बाप्तिस्म्याला किती वर्षं झाली?"

"चाळीस."

"आणि एवढ्या वर्षांत प्रभूशी बोलताना, मी हे सोडते, तू ते दे, याच्यापलीकडे कधी काही बोललात?"

"म्हणजे मी अजून लहान आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कशाला म्हणू? वजनं तुम्ही करता." एवढं बोलून ते उठले. सिस्टरांना इतका राग आला की त्यांनी दार जरा जोरातच लावलं. राग मात्र दिवस गेले तरी उतरला नाही, आणि बोलणं खोटं असतं तर तो एव्हाना उतरला असता, हे त्यांनाही आतून ठाऊक होतं.

"ती बसलीय बाहेर," धाकटी सामानाच्या खोलीत परत येऊन म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "साडेबाराला तिला निघायचंय. शाळेची बस चालवते ना. तुम्ही आलात तर बरं होईल."

"भांडायला आलीय?"

"दूध द्यायला आलीय."

सिस्टरांच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. "कसलं दूध?"

"तुम्हाला माहीत नाही? सोमवारी आणि गुरुवारी येते ती. खालच्या दूधपेढीत देऊन जाते. सात नंबर."

सात नंबर. दूधपेढीतलं दूध तपासून, तापवून, गोठवून वर यायचं, आणि बाटलीवर देणारीचं नाव नसायचं, नुसता आकडा असायचा. ज्या बाळाच्या आईला दूध येत नसे त्याला ते मिळे. पैलवानाला गेले दोन आठवडे सात नंबरचं चालू होतं, आणि त्यातला निम्मा वेळ ते सिस्टरांनी स्वतःच्या हाताने पाजलं होतं.

त्या बाहेर आल्या. बाकावर बसलेली बाई उठून उभी राहिली. अंगात बसचालकाचा निळा शर्ट, हातावर जॅकेट.

"बस, बस," सिस्टर म्हणाल्या, आणि स्वतःच तिच्याआधी बाकावर बसल्या. "मी तुला शब्द दिला होता. तो माझ्या हातातला नव्हता. मी द्यायला नको होता."

"हो," ती म्हणाली. "नको होता."

सिस्टरांना वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या हो. तिने तसं काही म्हटलं नाही.

"घरी पाळणा बांधून ठेवला होता मी. तुमच्या शब्दावर. नंतर आठ दिवस तुमचं तोंड बघू नये असं वाटायचं." ती जॅकेटची चेन वरखाली करत राहिली. "पण दूध थांबेना. कुणाला सांगणार, त्याला कुठे कळतंय ती गेली ते. पहिल्या दिवशी काढलं आणि मोरीत ओतायला गेले. हात पालथाच होईना. मग म्हटलं, कुणी तरी पिईल."

"रोज काढतेस?"

"रडते आणि काढते. दोन्ही एकदम होतं." ती किंचित हसली. "आता आटत आलंय. आज दोन बोटंच निघालं. बहुतेक शेवटचं. म्हणून म्हटलं, तुम्हाला भेटून जावं. तुम्ही अजून उपास धरता का?"

"नाही. मी त्याच्याशी बोलतच नाही हल्ली."

तिने सिस्टरांकडे रागाने पाहिलं नाही, नवलाने पाहिलं. "मग या बाकीच्यांसाठी कोण बोलतं?"

जिचं सगळं गेलं होतं ती आठवड्यातून दोनदा भरल्या हाताने येत होती. आणि जिचा फक्त शब्द खाली पडला होता, ती पाच आठवडे गाल फुगवून बसली होती. चाळीस वर्षांत त्यांना कुणी इतकं लहान करून दाखवलं नव्हतं, आणि नवल म्हणजे त्यात अपमान नव्हता. कुणी तरी मोठं माणूस समोर आलं की आपण आपोआप उठून उभे राहतो, तसं काहीसं आत होत होतं.

"पैलवानाची पाजायची वेळ झालीय," त्या म्हणाल्या. "काचेतून बघतेस? तुझंच आहे ते."

तिने मान हलवून हो म्हटलं.

आत जाऊन सिस्टरांनी हात धुतले, सात नंबरची बाटली घेतली. पैलवानाच्या तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीला त्यांनी सिरिंजची उघडी नळी जोडली, त्यात दूध ओतलं आणि ती उंच धरली. नव्या मुलींना त्या हेच शिकवत आल्या होत्या, की मागून दट्ट्या लावायचा नाही, ढकलायचं नाही. हात वर धरायचा आणि थांबायचं. दूध आपल्या वजनाने उतरतं. घाई केली की पोर गुदमरतं.

दूध एक रेघ उतरलं. मग दुसरी.

हात वर धरून त्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण प्रार्थनेत आजवर दट्ट्याच ढकलत आलो. उपासाने ढकललं, मिठाने ढकललं, पहाटेने ढकललं. आणि तो इथेच होता. सगळा वेळ. मोरीपाशी उभ्या राहिलेल्या एका बाईचा हात त्याने धरला होता, आणि मी त्याला छतात शोधत होते. यंत्रांचे बारीक आवाज चालू होते, पैलवानाची फासळी वरखाली होत होती, आणि सिस्टरांना चपला काढून उभं राहावंसं वाटलं.

"प्रभू," त्या पुटपुटल्या. पुढे नेहमीचं मागणं यायला हवं होतं. ते आलं नाही. एवढा एकच शब्द आला, आणि तो पुरला. पैलवान जगेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, तो टिकलीइतकाच नाजूक होता. तरी हात खाली आला नाही.

शेवटची रेघ उतरली. पैलवानाने झोपेत ओठ चोखल्यासारखे केले.

सिस्टरांनी वळून पाहिलं. काचेपलीकडे ती बाई ताठ उभी होती, नजर बाळावर. तिच्या निळ्या शर्टावर छातीशी दोन ओले डाग हळूहळू पसरत होते. तिने ते पाहिले, झाकायची घाई केली नाही. मग घड्याळ बघितलं, जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि शाळा सुटायच्या वेळेला पोचायचं म्हणून जिन्याकडे चालू लागली.