मुल्कीच्या वाटचं पाणी

"मेलेल्या माणसाचा नंबर असतो होय?" लाल चिंधी बांधलेला पिवळा कॅन फालिसने पायाने रांगेबाहेर लोटला. "माझ्या घरी पोरांचे घसे कोरडे पडलेत. मुल्कीला आता कसली तहान?"

"तहान नाही, आंघोळ आहे." बिशारोने कॅन उचलून पुन्हा जागेवर ठेवला. "शेवटची."

नळावर रांग सांभाळायला बसणारा लंगडा वरसमे काठी आपटत पुढे आला. निर्वासितांची सगळी छावणी त्याला तोंडावर लंगडा म्हणायची आणि तोही खुशाल ओ द्यायचा.

"नंबर कॅनचा असतो, माणसाचा नाही," तो म्हणाला. "काल संध्याकाळी मुल्कीनं स्वतः आणून ठेवलाय. पहाटे दम्यानं ती जाणार, हे त्या कॅनला काय ठाऊक? गप उभी राहा, फालिस."

छावणीत बाई गेली की तिला न्हाऊ घालायला बिशारोला बोलावणं यायचं. लढाईतून जीव घेऊन बिशारो इकडे पळून आली तेव्हा ती तरणीताठी होती. आता केस पिकले, तरी सरहद्दीअलीकडची ही लाल धूळ काही सुटली नाही. नवरा गेला, मुलगा समुद्र ओलांडायला गेला तो गेलाच. राहिलं ते हे एक काम, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. तिच्या हातून एकही बाई कोरडी गेली नव्हती. "जिवंतपणी जे मिळालं नाही ते मी मेल्यावर देते, भरपूर पाणी!" असं ती फुशारकीने सांगे. बायकाही येता-जाता विचारत, "माझ्या वेळेला पाणी ठेवशील ना गं?" आणि ही म्हणे, "हो हो, तू मर तर आधी!"

मुल्की मात्र थट्टेत विचारायची नाही. ती सरहद्दीपलीकडच्या जुब्बा नदीच्या काठची. "मला कोरडी पाठवू नकोस, बिशारो," ती म्हणायची, "आयुष्य धुळीत गेलं, निदान जाताना तरी भिजू दे." बिशारोने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

पण यंदा छावणी चालवणाऱ्या संस्थेकडचे पैसे आटले, तसं पंपाचं डिझेल आटलं, आणि डिझेल आटलं तसं पाणी. सकाळी थोडा वेळ नळ यायचा, तेवढाच. लाल चिंधीवाल्या कॅनची पाळी आली, तोटी सोडली, कॅनचा तळ जेमतेम झाकला गेला आणि नळ दोनदा खोकून बंद पडला.

त्याच्यामागचाच कॅन फालिसचा. तिने शिवी दिली नाही, नुसती आपल्या रिकाम्या कॅनकडे बघत राहिली. तिने शिवी दिली असती तर बिशारोला बरं वाटलं असतं.

मुल्कीच्या झोपडीत मशिदीतून आलेलं पांढरं कापड घडी करून ठेवलं होतं. चटईवर मुल्की, आणि शेजारी तिची लेक हिबाक, मांडीवर सहलला घेऊन. दीड वर्षाचं पोर जुलाबाने इतकं सुकलं होतं की डोळे खोबणीत गेले होते. दवाखान्यात खाट मिळाली नव्हती. औषधी मीठ-साखरेच्या पुड्या तेवढ्या मिळाल्या होत्या, त्या कोपऱ्यात तशाच पडल्या होत्या.

"नर्सबाई म्हणाल्या, पाण्यात कालवून पाजा," हिबाक म्हणाली. "पाणी कुठलं, ते नाही सांगितलं."

बिशारोने कॅन हलवून पाहिला. मग कॅन, पोर आणि मुल्की, असं तिघांकडे पाहिलं.

"पातेलं घे. पुडी फोड."

"नाही, मावशी!" हिबाकने पोराला छातीशी धरलं. "हे आईच्या वाटचं आहे. तिच्या कॅनमधलं. लोक म्हणतील, लेकीनं आईला कोरडी पुरली."

"पाणी नसलं तर मातीनं चालतं. धर्मात तेवढी मुभा आहे."

"पण पाणी आहे की!"

"तहानलेलं पोर समोर असलं की ते नसल्यातच जमा. मशिदीतल्या शेखांना विचार हवं तर."

"आणि आईला काय सांगू?"

"तिला मी सांगते. शब्द मी दिला होता, तू नाहीस."

सहलने पहिला घोट घेतला तेव्हा बिशारो त्यांच्याकडे पाठ करून बसली. तिने जमिनीवर तळवे थापटले, जास्तीची धूळ फुंकली आणि मुल्कीच्या चेहऱ्यावरून हात फिरवले. पुन्हा थापटले, आणि तिच्या हातांवरून फिरवले. संपलं. एरवी या कामाला किती वेळ लागायचा! "रागावू नकोस गं," ती पुटपुटली, आणि तिला हुंदका आवरेना.

दुसऱ्या दिवशी नळ आलाच नाही. हिबाक थेंब थेंब पाजत राहिली, पण पोराच्या पोटात ते ठरेना. दुपारी सहल तिच्या मांडीवरच गेला. कॅनमध्ये तांब्याभर पाणी उरलं होतं.

एवढंसं अंग, तेवढं पाणी त्याला पुरलं. बिशारोने मान, काखा, बोटांच्या बेचक्या, सगळं निगुतीने धुतलं. मुल्कीच्या वेळची लाल माती तिच्या नखांत अजून होती, ती त्या पाण्यात निघून गेली. हिबाक रडली नाही. "निदान हा तरी भिजला," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी बिशारो तो रिकामा कॅन ठेवायला नळावर गेली. फालिस आधीच येऊन बसली होती. तिने आपला कॅन मागे ओढला आणि लाल चिंधीला पुढे जागा करून दिली. मग खाली बघत विचारलं, "बिशारो, माझ्या वेळेला पाणी ठेवशील ना गं?"

बिशारोने कॅनवरची धूळ पदराने पुसली. चिंधीची सुटत आलेली गाठ घट्ट बांधली आणि घराकडे वळली.