बर्ड फ्लूच्या साली घातलेली पंगत

फेब्रुवारी २००६. नवापुरात बर्ड फ्लू निघाल्याची बातमी टीव्हीवर आली आणि कोल्हापुरात कोंबडीला गिऱ्हाईक उरलं नाही. उचगावच्या कडेला बुद्धभूषणची पोल्ट्री होती. पक्षी विक्रीला आलेले, ठणठणीत. पण टेम्पोवाले फिरकेनात. येणारी-जाणारी माणसं शेडपाशी आली की नाकाला रुमाल लावायची.

"आई, आपण पंगत घालूया," तो म्हणाला. "शिजवून खाल्लं तर काय हुईत न्हाय, डॉक्टरच सांगायल्यात. आपण खाताना बघितलं की लोकं बी खातील."

तानूबाईने चूल पेटवली, पण मन तिचं धजेना. "आपल्या हातचं खायला ह्या गावानं लई वर्सं लावली, भूषण. आता त्यास्नी निमित्त गावलंय."

रविवारी शेडपुढं ताडपत्री अंथरली. रस्स्याचा वास सडकेपर्यंत गेला. माणसं आली, पण कुंपणाबाहेरच उभी राहिली. आत आले ते एकटे धोंडीरामआण्णा, शेजारच्या उसाचे मालक, बुद्धभूषणच्या वडिलांचे जुने दोस्त.

"वाढा की वैनी," म्हणत त्यांनी मांडी घातली आणि वाटी तोंडाला लावून रस्सा प्याले.

बुधवारी आण्णांना थंडी भरून ताप आला. त्यांना दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी कुंपणापाशी पुन्हा माणसं जमली. पुढं गल्लीतला पिराजी होता.

"पक्षी पुरून टाक."

"एक बी आजारी न्हाय. परवा सरकारी डॉक्टर येणार हाय, तपासू दे की."

"आणि तवर कोण मेलं तर?"

बुद्धभूषणला वाटलं, आता भांडण होणार. पण सगळे एकदम गप्प झाले आणि निघून गेले. त्या गप्प होण्याचीच त्याला भीती वाटली.

सकाळी शेडमधून आवाज आला नाही. दार उघडलं तर सगळे पक्षी आडवे, माना वाकड्या. तानूबाईने पाण्याचं भांडं नाकाशी नेलं आणि झटकन खाली ठेवलं. उसावर मारतात त्या औषधाचा वास.

"बघा, रोग व्हताच की!" कुंपणापलीकडून पिराजी ओरडला.

बुद्धभूषण भांडं घेऊन त्याच्यापुढं गेला. "वास घे."

माणसं मागं सरली. वास कुणीच घेतला नाही.

दुपारी आण्णा रिक्षातून उतरले, अंगावर चादर घेऊन, थरथरत. "मला हिवताप हाय, रिपोर्ट आलाय," त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. मग भांडं हुंगलं आणि पुन्हा माणसांकडं वळले. "हे औषध माझ्या गोठ्यात हाय. तुमच्या समद्यांच्या बी हाय."

बुद्धभूषण चपला घालून पोलीस ठाण्याकडं निघाला.

"कुणाचं नाव सांगणार हाईस?" तानूबाईने विचारलं.

"मी बघितलं न्हाय कुणाला. जे झालं ते सांगतो."

आण्णा त्याचा खांदा धरून चालू लागले. गल्लीतून दोघं जाताना, त्यांना बघून, एकेक दार आतून लागत गेलं.