ब्याण्णव टक्के

दवाखान्यात तिला सगळे टक्केबाई म्हणत. साथ सुरू झाल्यापासून तिच्याकडे एकच काम होतं: आठ वस्त्यांपैकी कुठे किती जणांनी लस घेतली, त्याचा टक्का काढून रोज चारच्या आत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. आकडा कमी असेल त्या वस्तीला लस आधी जायची.

सहा नंबरची वस्ती सुरुवातीला हटूनच बसली होती. मग पंधरा दिवसांत तिचा आकडा चाळीसवरून ब्याण्णववर गेला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिथे लस देणाऱ्या सिस्टरची पाठ थोपटली आणि सहाच्या वाट्याची खोकी दुसऱ्या वस्त्यांना धाडली.

पुढच्या आठवड्यात सहामधूनच रुग्ण यायला लागले. आधी दोन, मग एका दिवसात पाच. शिंप्याच्या बायकोला तर उचलूनच आणावं लागलं. यादीत तिच्या नावापुढे दोन्ही डोसांची खूण होती.

"घेतलेल्यांनाही होतो गं," सिस्टर नजर न मिळवता म्हणाली.

टक्केबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिने यादी वरपासून वाचायला घेतली आणि तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. तिच्या बाबांचं नाव! दुसरा डोस, मंगळवार, सकाळी अकरा. बाबा सहामध्येच दादाकडे राहत. त्या मंगळवारी अकरा वाजता ते तिच्यासोबत दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसले होते.

दवाखान्यातून ती तडक दादाकडे गेली.

"मी? मी दंडाला हात लावू दिलेला नाही कुणाला," बाबा ऐटीत म्हणाले.

दादा मात्र खाली मान घालून बसला. "आत्याला भेटायला जायचं म्हणत होते. लस घेतल्याच्या कागदाशिवाय गाडीत घेत नाहीत. हे काही ऐकेनात, म्हणून सिस्टरला गळ घातली. एका नावाने कुणाचं काय बिघडतंय?"

दुसऱ्या दिवशी तिने सिस्टरला औषधांच्या खोलीत गाठलं. "अशी किती नावं आहेत?"

सिस्टरने हातातलं खोकं खाली ठेवलं. "मोजली नाहीत. रोज चाळीस दारं ठोठावायची मी. निम्मी तोंडावर आपटायची. एकाने तर अंगावर पाणी फेकलं. आणि तीन वाजले की तुझा फोन! 'सिस्टर, सहाचा आकडा हलत का नाही? डॉक्टर ओरडतायत.' मग हलवला."

टक्केबाईला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. ते शब्द तिचेच होते.

"चल," ती म्हणाली, "पुन्हा मोजू."

तीन दिवस दोघी दारोदार हिंडल्या. शिव्या खाल्ल्या, पण एकेक नाव तपासलं. खरा आकडा निघाला सत्तावन्न. बाबांच्या नावापुढची खूण तिने स्वतःच्या हाताने खोडली.

"काल ब्याण्णव आणि आज सत्तावन्न?" डॉक्टर कडाडले. "माणसं काय पळून गेली?"

"नव्हतीच, साहेब," ती म्हणाली. रोज फोन करून आपणच तगादा लावत होतो, हेही तिने सांगितलं. डॉक्टरांनी नव्या आकड्याचा कागद पुढे ओढून सही केली. तगादा मुळात त्यांचाच होता.

लस पुन्हा सहाकडे वळली. सिस्टरला मात्र त्याच दिवशी घरी बसवलं. टक्केबाईने दोनदा फोन लावला. तिने उचलला नाही.

शनिवारी शिंप्याची बायको गेली. तिला सुईची फार भीती होती, असं शिंपी भेटेल त्याला सांगत होता. लस सहामधून गेलीच नसती, तरी तिने घेतली असती का?

दादाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बाबांचा प्रवास तिने मोडला, असं त्याचं म्हणणं. पण सोमवारी बाबा स्वतःच चपला घालून दवाखान्यात आले. शिंपी त्यांचा रोजचा उठण्याबसण्यातला माणूस होता.

"कुठला दंड?" नव्या सिस्टरने विचारलं.

बाबांनी डावी बाही वर केली. सुई आत गेली तेव्हा त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि नंतरही बराच वेळ ते सोडलं नाही.