फळी फुटली नाही, असं पंचांचं मत पडलं

एक इंच जाडीची फळी मी एका छर्ऱ्यात आरपार फोडली.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. तसा रीतसर कागद झालेला आहे आणि त्यावर दोन सह्या व एक अंगठा आहे. तेव्हा आपण सुरुवातीपासून सुरुवात करू. तो प्रसंग आला की मी सगळा सांगेन, पण तो घडला नाही एवढं ध्यानात ठेवून ऐका.

मी हवेवर चालणारी, छर्ऱ्याची जुनी बंदूक आहे. माझा कारखाना कुठला ते माझ्या दस्त्यावर कोरलेलं होतं, पण नेम धरणाऱ्या हजार गालांनी ते पुसून टाकलं. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि चामड्याची एक चकती आहे. नळी मोडून खाली दाबली की स्प्रिंग आवळते, घोडा ओढला की ती सुटते, आणि हवेचा दणका छर्ऱ्याला बाहेर ढकलतो. दारू नाही, धूर नाही. म्हणून लोक मला खेळणं म्हणतात. म्हणोत. फुग्यांना विचारा.

गोरेगावजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर, थावराच्या घरी मी आले ती एका बैलाच्या बदल्यात. थावराच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य मुलखभर वाहिलं. थावरापाशी शेवटी एकच बैल उरला, चांद्या. तो मारका होता. एका जत्रेत थावराने तो फुगेवाल्याला दिला आणि बदल्यात मी, फुग्यांचा तक्ता आणि छर्ऱ्यांचा डबा घेतला. बैल मारका आहे, हे थावराने फुगेवाल्याला तीनदा सांगितलं. फुगेवाल्याने माझ्याबद्दल एकदाही काही सांगितलं नाही.

घरात आलेल्याला जागा द्यावी लागते. मला चांद्याची जागा मिळाली. त्याच्याच खुंट्याला, त्याच्याच दाव्याने मला बांधलं. बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून जे दोरीचं मुसकं घालतात, ते तीन घड्या घालून माझ्या नळीच्या तोंडावर चढलं. पोळ्याला दस्त्याला हळद आणि लोणी लागलं. वेगळं नाव ठेवायची कोणाला गरज वाटली नाही. मीही चांद्या झाले.

थावरा गेल्यावर त्याची सून मोतीबाई मला घेऊन बाजार करू लागली. पावसाचा भरवसा नव्हता. शेत दगडाचं, नवरा दम्याचा. घरातली चूल माझ्या नळीतून पेटत होती, असं मी म्हटलं तर ती फुशारकी नाही. गोरेगाव, हट्टा, कुरुंदा. जिथे बाजार, तिथे आम्ही.

मोतीबाईचे नियम कुठल्या पुस्तकातले नव्हते, गोठ्यातले होते. गिऱ्हाइकाने दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. मला मेजाच्या खुंट्याला दाव्याने असं बांधलेलं असायचं, की माझं तोंड तक्त्यावरून वीतभरही इकडेतिकडे वळू नये. तक्त्यामागे वाळूची पोती. आणि प्रत्येक वेळी मुसकं काढण्याआधी ती मोठ्याने ओरडायची, “मागं कोण?” शेजारी मिरच्या विकणारी भागूबाई पोत्यांमागे डोकावून सांगायची, “कोण न्हाई!” तेव्हाच मुसकं निघायचं. मुसक्याने छर्रा अडत नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि मोतीबाईलाही. मुसकं माणसाला अडवतं.

अशी बारा वर्षं गेली आणि एकाही माणसाला ओरखडा आला नाही. याबद्दल मला कोणी हार घातला नाही. जे झालं नाही त्याचा सत्कार करत नाहीत.

मग १९७४ साली ग्यानबाशेठ आले. त्यांचं गोरेगावात कापडाचं दुकान. अंगात नवा टेरिलिनचा सदरा, हातात छत्री, आणि बरोबर वाशीमहून आलेले व्याही. व्याह्यांना काहीतरी दाखवायचं होतं आणि गोरेगावात दाखवण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आले. आल्याआल्या त्यांनी दावं सोडलं आणि माझं तोंड व्याह्यांच्या पोटाकडे केलं.

“हात वर करा व्याही! हुंडा परत करा!”

व्याही हसले. मोतीबाई हसली नाही. तिने माझी नळी धरून वर आभाळाकडे केली आणि मला हिसकावून घेतलं.

“मानसाकडं तोंड करू नका, शेठ.”

“अवं रिकामी हाय ती!”

“चांद्या बी रिकामाच व्हता. तरी माझ्या सासऱ्याच्या दोन फासळ्या मोडल्या.”

“कोन चांद्या?”

“पयला चांद्या.”

भागूबाई मिरच्यांआडून म्हणाली, “शेठ, तुमाला नेमच धरायचा तर दुकानातल्या कापड मोजायच्या गजावर धरा. त्यो दर येळी आखूड भरतो.”

आता मात्र व्याही मनापासून हसले. ग्यानबाशेठ छत्री आपटत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस चौकीत अर्ज दिला. ‘सदर बाई विनापरवाना बंदूक बाळगून असून तिच्यापासून सार्वजनिक जीवितास धोका आहे.’ मित्रांनो, माझं तोंड व्याह्याच्या पोटाकडे कोणी केलं होतं, याचा अर्जात उल्लेख नव्हता. अर्ज लिहिणाऱ्याची जागा अर्जात नेहमीच कमी पडते.

चौकशीला हवालदार संतराम आले. त्यांच्याजवळ वरून आलेला एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की हवेच्या बंदुकीचा छर्रा पाच फुटांवरून एक इंच जाडीच्या मऊ लाकडाच्या फळीतून आरपार गेला, तर ते हत्यार. त्याला परवाना लागतो, नसला तर जप्ती. आरपार गेला नाही, तर खेळणं.

“परवाना काढता येईल?” मोतीबाईने विचारलं.

“येईल की. हिंगोली, मग परभणी, मग वाट पाहणे,” संतराम म्हणाले. “माझ्या ओळखीच्या एकाला मिळालाय. तोवर त्याला दिसायचं बंद झालं होतं.”

परीक्षा पुढच्या बाजारी ठरली. आता माझी अडचण समजून घ्या. जन्मभर लोकांनी मला खेळणं म्हटलं. पहिल्यांदाच सरकार विचारत होतं की तू कोण. मी फळी फोडली तर मी हत्यार ठरणार होते, आणि मोतीबाईची चूल विझणार होती. फोडली नाही तर चूल राहणार होती आणि माझी अब्रू जाणार होती. मी ठरवलं की नाही फोडायची. पण मित्रांनो, बंदुकीच्या ठरवण्याला स्प्रिंग विचारत नाही.

भागूबाईने उपाय सुचवला. “त्याला तेल देऊ नको. आठ दिवस उपाशी ठेव. चामडं वाळलं की दम जाईल.”

“कामावर न्यायचं जनावर उपाशी ठेवत न्हाईत,” मोतीबाई म्हणाली, आणि तिने माझ्या चकतीला नेहमीपेक्षा दोन थेंब जास्त दिले.

कागदात देवदाराची फळी सुचवली होती. गोरेगावात देवदार कोणी पाहिला नव्हता. सुतार भिवाजीने पांगाऱ्याची फळी रंधून आणली. “याच्याहून मऊ पायजे आसंल तर भाकरीवर घ्या परीक्षा,” तो म्हणाला. ती फळी इतकी गुळगुळीत होती की हवालदारांनी दोनदा हात फिरवला.

चावडीसमोर तीन विटांवर फळी उभी केली. संतरामांनी पाच फूट मोजले. मोतीबाईने मला छातीशी धरलं, मुसकं अजून चढलेलंच. पंच दोन होते, भिवाजी आणि स्वतः ग्यानबाशेठ. शेठनी फळीच्या बरोबर मागे स्टूल मांडलं, उन्हासाठी छत्री उघडली आणि फळीला नाक लागेल इतके वाकून बसले.

“मागं कोण?” मोतीबाई ओरडली.

“शेठ!” भागूबाई ओरडली.

“उठा, शेठ.”

“काहून उठू? छर्रा भायेर येतो का न्हाई, हे मला बघायचं हाय. समोरून काय दिसंल, माती?”

“मागं मानूस हाय, हवालदारसाहेब.”

“मानूस न्हाई, पंच हाय मी!” शेठ फळीमागून म्हणाले.

संतराम कंटाळले. “बाई, ते खेळणंच आहे म्हणतीस ना? मग भीती कशाची? उडव.”

“मी खेळणं म्हनत न्हाई. तुमचा कागद म्हनतो.”

“नाही उडवलीस तर ‘परीक्षेस नकार’ असं लिहावं लागेल. मग जप्ती. समजतंय का?”

“लिवा.”

“आं?”

“लिवा म्हनलं ना. मारक्यासमोर मानूस बसवून मी दावं सोडनार न्हाई. घरी उपाशी बसीन.”

मी तिच्या छातीशी होते, म्हणून सांगते, तिचं काळीज माझ्या स्प्रिंगेहून जोरात उडत होतं. तरी मुसक्यावरचा हात हलला नाही. संतरामांनी खरोखर लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले, “पंच, या. नकारावर सही करा.”

ग्यानबाशेठ खुशीत उठले. उघडी छत्री स्टुलावर टेकवली, फळीला वळसा घालून पुढे आले आणि सहीसाठी हात पुढे केला.

“मागं कोण?” मोतीबाई.

“कोण न्हाई! भिताड हाय!” भागूबाई.

मुसकं निघालं आणि मी सुटले.

ठक्.

एक इंच. पांगारा. आरपार. पलीकडे छत्रीच्या काळ्या कापडाला एक गोल भोक पडलं आणि छर्रा चावडीच्या मातीच्या भिंतीत गेला. हे घडलं नाही, हे मला माहीत आहे.

ग्यानबाशेठ स्टुलापाशी गेले. छत्रीच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका आत पडला होता. शेठ छत्री हातात घेऊन सवयीने स्टुलावर वाकून बसले, तेव्हा तो ठिपका त्यांच्या डाव्या डोळ्यावर आला. मग त्यांनी छत्री मिटली.

“पंच,” संतराम म्हणाले, “काय दिसलं?”

“काय न्हाई दिसलं,” शेठ म्हणाले. आवाज वेगळाच होता.

“फळीला भोक दिसतंय.”

“कीड आसंल. पांगाऱ्याला लागती.”

“कीड?” भिवाजी उसळला. “माझ्या फळीला? शेठ, एक किडा दाखवा, आजपासून रंधा खाली ठेवतो!”

मोतीबाईने भिवाजीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. भिवाजीने फळी उचलली आणि भोकाकडे बघितलं. तीस वर्षांच्या कामात त्याने किडकी फळी कोणाला दिली नव्हती.

“आता… जुनं लाकूड हाय,” तो म्हणाला. “एखांदा आसंल.”

संतरामांना बंदूक, फळी आणि छत्री सायकलवर बांधून हिंगोलीला न्यायची नव्हती. त्यांनी नकाराचा कागद फाडला आणि नवा लिहिला. ‘छर्रा फळीत आढळला नाही. फळीबाहेरही आढळला नाही. सबब छर्रा सुटलाच नसावा. फळी फुटली नाही, असे पंचांचे मत पडले. सदर वस्तू खेळणे आहे.’ खाली हवालदारांची सही, शेठची सही, भिवाजीचा अंगठा.

चूल वाचली. मला वाटलं होतं की मला वाईट वाटेल. वाटलं नाही, वाईट वाटायला आठ दिवस लागले.

कारण पुढच्याच बाजारी लोक दोरी ओलांडून तक्त्यापर्यंत येऊ लागले. “सरकारनं खेळणं ठरीवलंय, घाबरता काहून?” एकाने तर माझ्या नळीत करंगळी घालून पाहिली. बारा वर्षं ज्यांनी शिस्त पाळली, त्यांना एका कागदाने निर्धास्त केलं. मोतीबाईने मग दोरी दुहेरी केली, दावं आखूड केलं, आणि तो सरकारी कागद खळ लावून तक्त्यावर, फुग्यांच्या बरोबर मागे चिकटवला. आलेल्या प्रत्येकाला ती एवढंच म्हणायची, “वाचून घ्या, मग नेम धरा.” आजवर त्या कागदाला सव्वीस भोकं पडली आहेत. ‘खेळणे’ हा शब्द आता वाचता येत नाही.

पाच वर्षं झाली. माझी स्प्रिंग सैल पडत चालली आहे आणि बाजारात प्लॅस्टिकच्या पिस्तुली आल्या आहेत. पोरं त्या एकमेकांच्या कपाळाला लावतात आणि आया हसतात. मित्रांनो, भरलेली असो वा रिकामी, माणसाकडे तोंड करू नका आणि पलीकडे कोण आहे ते आधी विचारा. हे मी हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत, म्हणून धमकावून सांगते.

आणि वरच्या साहेबांना माझा अर्ज:

विनंती अर्ज करते की, आपल्या कागदात हत्यार आणि खेळणे अशा दोनच जागा आहेत. पहिल्या जागेत मोतीबाईचे पोट जाते व दुसऱ्या जागेत कोणाचा तरी डोळा जातो. तरी मेहेरबान साहेबांनी तिसरी जागा निर्माण करून मला धोकादायक ठरवावे, व धोकादायक ठरवूनही मोतीबाईकडेच राहू द्यावे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत कोणीही माझ्यासमोर उभे राहू नये. यात साहेब स्वतःही आले. कळावे.