सुनेचं औषध

“साधं पोट बिघडलं तरी लगेच फोन करायचा. दोन दिवस बघू, असं करायचं नाही,” सिस्टरांनी बजावलं, तेव्हा सूनबाईचं अर्धं लक्ष कडेवरच्या लेकीकडे होतं आणि उरलेल्या अर्ध्यात थोडा तोरा होता. ज्या प्रथिनावर हे औषध बसतं, त्याचाच आकार शोधण्यात तिची प्रयोगशाळेतली सहा वर्षं गेली होती. आपल्याला काय सांगतात? ती नुसतं “हो, हो” म्हणाली आणि सासऱ्यांना सलाइनच्या खुर्चीत बसवलं.

सासरे जन्मभर कारखान्यात फिटर. फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा त्यांनी सुनेलाच विचारलं होतं, “हे औषध करतं काय? डॉक्टरी भाषेत नको, माझ्या भाषेत सांग.”

“आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात, बाबा. त्यांनी घरच्यांनाच झोडपू नये म्हणून त्यांच्या अंगावर ब्रेक असतो. गाठ लबाड. ती तो ब्रेक दाबून धरते, की पहारेकरी गप्प. औषध त्या ब्रेकवर झाकणासारखं बसतं. गाठीला दाबायला जागाच उरत नाही.”

“आणि झाकण सूतभर चुकलं तर?”

“सूत म्हणजे फारच झालं. एका केसाच्या जाडीचे दहा लाख भाग करा. त्यातले दोन-तीन भाग इकडचे तिकडे झाले तरी बसत नाही.”

चाळीस वर्षं मापात काढलेल्या माणसाने डोक्यावरचा एक केस उपटून उजेडात धरून पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून ते ज्याला त्याला सांगत सुटले, “मला देतात ते आमच्या सुनेचं औषध.”

“माझं नाही हो. मी त्या ब्रेकचा एक कोपरा मोजला, तोही चौघांनी मिळून.”

“चौकटीचा कोपरा चुकला तर दार लागेल का?”

खरं तर तिला ते ऐकायला आवडायचं. ती दिवसभर काय करते हे माहेरीसुद्धा कुणाला धड सांगता येत नव्हतं. तिसऱ्या डोसनंतर गाठ निम्म्यावर आली, तेव्हा सासऱ्यांनी स्कॅनचा फोटो कारखान्यातल्या जुन्या दोस्तांना नेऊन दाखवला.

तिचा स्वभाव मुळात काळजीचा. लेकीला शिंक आली की थर्मामीटर बाहेर. पोरीला नुकतीच संडासची सवय लावत होती, तर त्याचीही वही. एका सकाळी लेक संडासच्या दाराशी पाय आपटत उभी.

“आई, आजोबा सारखे सारखे आत बसतात. माझा नंबरच येत नाही.”

सासरे बाहेर आले ते भिंतीला धरून.

“बाबा, काल किती वेळा गेलात?”

“हे काय विचारणं झालं, सूनबाई?”

“किती वेळा?”

“सात-आठ. थोडं रक्तही पडलं.”

“कधीपासून?”

“झाला आठवडा.”

“आणि बोलला नाहीत?”

ते खुर्चीत टेकले. “बोललो असतो तर औषध थांबवलं असतं. अख्ख्या गावाला सांगून बसलोय, सुनेचं औषध म्हणून. आता त्यानेच पोट बिघडलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? तुझ्या कामाला बट्टा लागेल असं वाटलं.”

तिला रडू आलं, रागही आला, आणि राग स्वतःचाच जास्त. “बट्टा कसला? ब्रेक सुटला की पहारेकरी कधी कधी आपल्याच आतड्यांवर तुटून पडतात. मला ठाऊक होतं हे. सिस्टरांनी सांगितलंही होतं. मीच शहाणी.”

“ब्रेक नसला की गाडी कुणाच्याही अंगावर जाते,” ते पुटपुटले. “एवढं मलाही कळायला हवं होतं.”

नवऱ्याने गाडी काढली. दवाखान्यात तपासणी झाली, पहारेकऱ्यांना आवरायला स्टेरॉइड सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, “आणखी दोन-चार दिवस घरी काढले असते, तर आतडं फाटलं असतं.”

चौथ्या दिवशी ती वॉर्डात शिरली, तर सासरे उशीला टेकून शेजारच्या खाटेवरच्या, तेच औषध घेणाऱ्या गृहस्थांची उलटतपासणी घेत होते. “आज किती वेळा? लाजू नका. फिटर आहे मी, गळती मला नवीन नाही.” गृहस्थांनी हळूच बोटं दाखवली. सासऱ्यांनी तिथूनच सिस्टरांना हाक मारली. दारातली सून आत येऊन त्यांच्या पायाशी बसली.

तिचं तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी कर्करोगावर असं इम्युनोथेरपीचं औषध घेत असेल, तर आज जाऊन त्यांच्यापाशी बसा. “बरे आहात ना?” असं विचारू नका, “हो”च म्हणतील. किती वेळा गेलात, ते विचारा. आणि आकडा ऐकल्याशिवाय उठू नका.