सोडा म्हणजे काय?

मित्रांनो, आधी कानांवरचे हात काढा. मी एक जुना भोंगा आहे हे खरं, पण आज हळू बोलणार आहे. हळू बोलायची मला सवय नाही, तेव्हा मधेच आवाज चढला तर सांभाळून घ्या. माझ्या पोटात काही म्हणून राहत नाही. ज्यानं जे सांगितलं ते मी गावभर केलं, हाच माझा जन्मभराचा उद्योग.

खांबावर बांधतात तो भोंगा मी नव्हे. मी हातात धरायचा. पुढं पसरट तोंड, मागं बोलायची जाळी, खाली मूठ आणि मुठीत खटका. पोटात सेल घातले की मी तयार. शिवाय बाजूला एक लाल बटण आहे. ते दाबलं की मी ॲम्ब्युलन्ससारखा केकाटतो. ते बटण कशासाठी ठेवलं देव जाणे, पण ज्याच्या हाती जातो त्याला आधी तेच दाबावंसं वाटतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. माल तपासणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा तोंडाशी धरलं आणि गंमत म्हणून म्हणाल्या, "चला, जेवायला चला." सगळा कारखाना हातातलं काम टाकून उठला. जेवायची वेळ अजून व्हायची होती, मुकादमांनी बाईंना चांगलं फैलावर घेतलं, पण माझी छाती मात्र फुगली. पहिल्याच वाक्याला एवढा मान कोणाला मिळतो, तुम्हीच सांगा.

पुढं मी पोहण्याच्या तलावावर नोकरीला लागलो. तिथले प्रशिक्षक स्वतः पाण्याला भीत. काठावर खुर्ची टाकून ते माझ्यातून ओरडत, "पाय मार, अरे पाय मार." मुलं पाय मारत, शर्यती जिंकत, आणि फोटोत प्रशिक्षकांच्या गळ्यात मी असे. ते दिवस मजेचे होते. मग एकदा ओल्या फरशीवर मी निसटलो आणि माझ्या तोंडाचा टवका उडाला. नवा भोंगा आला. माझी रवानगी फाटक्या ट्यूबांच्या कोठीत झाली आणि तिथून जुन्या बाजारात. तिथं एका फुटक्या पंख्याशेजारी मी पडून होतो. येणारं-जाणारं प्रत्येक पोर लाल बटण दाबून बघायचं, पण पोटात सेल कुठले?

तिथून मला उचललं ते वकीलसाहेबांनी. वकीलसाहेब त्यांच्या देशात खरोखरचे वकील होते. पोलिसांनी विनाकारण उचललेल्या माणसांचे खटले ते लढायचे. शेवटी त्यांनाच उचलायची वेळ आली तेव्हा ते सीमा ओलांडून इथं आले. इथं ते टॅक्सी चालवतात. मीटरपेक्षा त्यांचं तोंड जास्त चालतं. स्टेशनवर जायला बसलेल्या माणसाला उतरेपर्यंत नागरिकांचे सगळे हक्क पाठ झालेले असतात.

त्यांना भोंगा कशाला हवा होता, ते सांगतो. या शहरात त्यांच्या देशाची वकिलात आहे. वकिलात म्हणजे वकिलांचं घर नव्हे बरं का, परक्या देशातलं आपल्या सरकारचं कचेरीवजा घर. दर शनिवारी दुपारी वकीलसाहेब आणि त्यांच्यासारखी घरदार सोडून आलेली मूठभर मंडळी त्या इमारतीसमोर उभी राहत. पोलिसांनी त्यांना रस्त्याच्या अलीकडे, लोखंडी कठड्यामागं जागा दिली होती. समोरच्या खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले. मंडळी घसा फोडून ओरडायची, पण मधल्या रस्त्यावरच्या गाड्या त्यांचा आवाज गिळून टाकायच्या.

ते ओरडत होते मास्तरांसाठी. मास्तर लहान मुलांच्या शाळेत शिकवायचे. एका दुपारी शाळेच्या फाटकातून वर्दीतल्या लोकांनी एका मुलाच्या वडिलांना धरून नेलं. पुढं सरकार म्हणालं, असा कोणी माणूस आम्ही नेलाच नाही. कोर्टात मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "नेला. मी फाटकाशीच उभा होतो." एवढंच बोलले आणि तुरुंगात गेले. मग घरावर दगड यायला लागले. मास्तरांच्या बायकोनं लेकीचा हात धरला, एक पिशवी उचलली आणि देश सोडला. मंडळी तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. लेकीचं लाडाचं नाव भिंगरी. एका जागी उभी म्हणून राहत नाही.

वहिनी एका हॉटेलात चादरींना इस्त्री करतात. स्वभावानं इतक्या शांत की त्यांच्या शेजारी बसलेल्यालाही "काय म्हणालात?" असं विचारावं लागतं. मास्तर घरी असताना म्हणायचे, "अगं, मी पहिल्या बाकावर बसलोय तरी ऐकू येत नाही." हे वहिनींनीच एकदा भिंगरीला सांगितलं आणि सांगताना डोळे पुसले. हिवाळ्यापासून मास्तरांची काही खबर नव्हती. भेटीला गेलेल्या सासूबाईंना तुरुंगाच्या दारातूनच परत पाठवलं होतं.

"बाबांना काही करणार नाहीत ना?" भिंगरीनं वकीलसाहेबांना विचारलं.

वकीलसाहेब एरवी तासभर बोलले असते. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "ज्याचं नाव कोणी घेत नाही, त्याला गायब करणं सोपं असतं. आपण घेत राहायचं."

पहिल्या शनिवारी त्यांनी माझ्यातून भाषण ठोकलं. भाषणात "उपरोल्लेखित" होतं, "तदनुषंगाने" होतं. मी पोहायला शिकवणारा गडी, मला असले शब्द पेलेनात. माझे सेल निम्म्यातच बसले. नवे सेल घातल्यावर भिंगरी म्हणाली, "आता आईला द्या."

वहिनींनी मला दोन्ही हातांनी धरलं. खटका दाबला. आधी नुसता त्यांचा श्वास आला, तो मी रस्ताभर ऐकवला. मग "मास्तरांना" असं काहीसं पुटपुटल्या. आणि मग, मित्रांनो, त्यांच्या पोटातून एकच शब्द असा निघाला की माझी टवका उडालेली कडदेखील थरथरली.

"सोडा!"

मंडळी क्षणभर बघतच राहिली. मग सगळे एकदम ओरडले, "सोडा! सोडा!" समोरचा एक पडदा हलला. मी तलावावर इतकी वर्षं ओरडलो, पण ओरडण्यात एवढं सुख असतं हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून भाषण बंद आणि सोडा सुरू. असे बरेच शनिवार गेले. आणि मग एका शनिवारी पलीकडच्या किराणा दुकानाचा मालक रस्ता ओलांडून आला. झुबकेदार मिशा, पोटावर ॲप्रन आणि दोन्ही हातांत बाटल्यांचा क्रेट. क्रेट त्यानं कठड्यापाशी धपकन ठेवला.

"घ्या," तो त्याच्या भाषेत म्हणाला. "दर शनिवारी सोडा सोडा ओरडता. म्हटलं, पोलीस यांना रस्ता ओलांडू देत नसतील. बिचारे तहानेनं मरतील, म्हणून मीच आलो."

वकीलसाहेबांचे कान लाल झाले. आणि भिंगरी फिस्सकन हसली. तिला इकडची भाषाही येते, तिकडचीही, त्यामुळे सगळ्यात आधी तिलाच कळलं. ती हसता हसता कठड्यावर वाकली. मग वहिनी हसल्या. तोंडावर पदर धरला, तरी हसू आवरेना. हा देश गाठल्यापासून वहिनींना हसताना कोणी पाहिलंच नव्हतं.

"आमच्या भाषेत सोडा म्हणजे मोकळं करा," भिंगरीनं दुकानदाराला सांगितलं.

"कोणाला?"

"माझ्या बाबांना. ते खरं बोलले म्हणून तुरुंगात आहेत."

दुकानदाराच्या मिशा खाली आल्या. त्यानं क्रेटकडं बघितलं, बंद खिडक्यांकडं बघितलं. मग कठड्याच्या आत येऊन उभा राहिला आणि त्याच्या घोगऱ्या गळ्यानं ओरडला, "सोदा!"

पुढच्या आठवड्यात त्याच्या दुकानाच्या काचेवर पाटी लागली: "सोडा म्हणजे काय? आत येऊन विचारा." लोक विचारायला लागले. जो विचारी त्याला तो मास्तरांची गोष्ट सांगे आणि हातात सोड्याची थंड बाटली देऊन आमच्याकडं पिटाळे. शनिवारी कठड्यामागं बेकरीवाली आली, बसचा ड्रायव्हर आला, जवळच्या शाळेतल्या शिक्षिका आल्या. शहरात आम्हाला सोडावाले म्हणायला लागले.

वकीलसाहेबांना मात्र हे झोंबलं. "वहिनी, हे सगळं हसण्यावारी चाललंय," ते म्हणाले. "एवढा आपला लढा, आणि त्याचं सोडावॉटर झालं."

"हसू देत, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हसता हसता त्यांचं नाव घेतात ना? मला तेवढंच हवंय. माझी थट्टा झाली तरी चालेल, पण त्यांना कोणी विसरायला नको."

वकीलसाहेब हातातली बाटली तोंडाला लावून म्हणाले, "निदान उच्चार तरी शुद्ध करा म्हणावं." आणि पुढच्या शनिवारपासून फुटपाथवर त्यांचा वर्ग भरला. "जीभ वर. टाळूला लावा. डा. डा." बेकरीवालीची जीभ काही टाळूपर्यंत पोचेना. ती अजून "शोदा" म्हणते.

एकदा आवाजाची तक्रार आली म्हणून पोलीस साहेब आले. त्यांनी मला उलटसुलट करून बघितलं. मी म्हटलं, झालं, आता जप्ती. भिंगरीनं त्यांना बाटली दिली आणि सगळी गोष्ट सांगितली. साहेबांनी सोडा संपवला, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाले, "ओरडा. फक्त ते लाल बटण दाबू नका." शेवटी पेपरात आमचा फोटो आला. माझं तोंड मधोमध, टवक्यासकट. मग काय, वकिलातीचा फोन दिवसभर खणखणायला लागला. जो तो विचारी, मास्तरांना कधी सोडताय?

आणि मग तो शनिवार आला. मंडळी ओरडत होती, मी रंगात आलो होतो, आणि वहिनींचा फोन वाजला. घरून सासूबाईंचा होता. वहिनींनी ऐकलं. फोन हळूच खाली केला. त्या काहीतरी म्हणाल्या, पण त्यांच्याच आवाजात, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. वकीलसाहेब तर डोळे मिटून ओरडत होते. शेवटी वहिनींनी त्यांच्या हातून मला ओढूनच घेतलं.

"सोडलं," त्या माझ्यातून म्हणाल्या. "त्यांना सोडलं. ते घरी आलेत. आईंनी त्यांना भात वाढलाय."

आमची मंडळी रडायलाच लागली. पण बाकीची गर्दी? तिला आमच्या भाषेतला एकच शब्द येत होता. वहिनी थांबल्या की नेहमीसारखं आपण ओरडायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. सगळी गर्दी दणदणीत ओरडली, "सोडा!"

"अहो, सोडलं!" भिंगरी कठड्यावर चढून किंचाळली.

"सोडा!" गर्दीनं आणखी जोर केला.

वकीलसाहेब एकीकडं रडत होते, एकीकडं ओरडत होते, "भूतकाळ! भूतकाळ म्हणा!" शेवटी भिंगरीनं इकडच्या भाषेत सांगितलं तेव्हा कुठं उजेड पडला, आणि मग जो कल्ला झाला तो काय सांगू. दुकानदारानं वकीलसाहेबांना उचलून घेतलं. लाल बटण दाबलं गेलं. चुकून नाही, वकीलसाहेबांनी मुद्दाम दाबलं. पोलिसांची गाडी धावत आली, आणि साहेब उतरून आमच्यातच नाचले.

त्यानंतर मला वहिनींच्या घरी कपाटावर ठेवण्यात आलं. मला वाटलं, झालं, आपली पेन्शन सुरू. वाईट वाटलं नाही. ज्या कामासाठी घेतलं ते झालं होतं. वर बसून मी मास्तरांची वाट बघत होतो. कागदपत्रांच्या खटपटी संपून ते आले तेव्हा पानगळ सुरू झाली होती. भिंगरीनं दार उघडलं. मास्तर इतके वाळले होते की खांद्यावरून सदरा घसरत होता. तिनं त्यांना अशी मिठी मारली की ते दाराच्या चौकटीला टेकले.

"वाढलीस की गं," ते म्हणाले. "बाकावर बसलीस की पाय जमिनीला टेकत असतील आता."

वहिनी काहीतरी म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "ऐकू आलं."

जेवताना त्यांनी हकीकत सांगितली. एके दिवशी जेलर त्यांच्याकडं आला आणि वैतागून म्हणाला, "मास्तर, बाहेर तुमचा सोड्याचा कारखाना आहे का हो? परदेशातून सोडावाल्यांचे फोनवर फोन येतायत." मास्तरांना काहीच उलगडा झाला नाही. पण आपलं नाव कोणीतरी घेतंय एवढं कळलं, आणि त्या दिवशी त्यांनी ताटातलं सगळं अन्न संपवलं. सगळे हसले. मास्तरही हसले. मग ताटावर हात धुऊन ते म्हणाले, "शेजारच्या कोठडीत एक शिंपी आहे. भिंतीवर टकटक करून रोज माझी चौकशी करायचा. मी निघालो तेव्हा भिंतीला तोंड लावून म्हणाला, जा मास्तर, माझी काळजी करू नका. त्याला बायको नाही, मूल नाही. इकडं त्याला ओळखणारं कुत्रंही नाही."

भिंगरी स्टुलावर चढली आणि तिनं मला कपाटावरून खाली काढलं.

शनिवारी मास्तर कठड्यामागं उभे राहिले. मोठी गर्दी होती, त्यांना बघायलाच आलेली. सगळ्यांना वाटलं, आता आभाराचं भाषण होणार. मास्तरांनी खटका दाबला आणि त्या शिंप्याचं नाव घेतलं. फक्त नाव. गर्दीला ते उच्चारता येईना, म्हणून मुलांना शिकवतात तसं त्यांनी ते अक्षर अक्षर तोडून सांगितलं. दुकानदारानं म्हटलं, बेकरीवालीनं म्हटलं, वहिनींनी म्हटलं. ज्या माणसाला परवापर्यंत कोणी ओळखत नव्हतं, त्याचं नाव मी समोरच्या सगळ्या खिडक्यांवर नेऊन आदळलं. आनंदानं आदळलं, मित्रांनो.

तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद पडला असेल तर त्याच्या पोटातले सेल काढून ठेवा, नाहीतर तो आतून गंजतो. पण कायमचा कपाटावर टाकू नका. भोंग्याला स्वतःचा आवाज नसतो. कोणीतरी खटका दाबून आपला द्यावा लागतो, आणि तो मोठाच असला पाहिजे असं मुळीच नाही.

तो शिंपी अजून आत आहे. शनिवारी दुपारी मोकळे असलात तर या. त्याचं नाव मास्तर शिकवतील.